अन्नदान, धर्मशाळा आणि पावती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासऱ्यांच्या पुण्यतिथीला आम्ही दरवर्षी एका मोठ्या देवस्थानाच्या अन्नछत्रात पैसे भरतो. मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो तिथे जेवणारे निम्मे लोक कार घेऊन आलेले असतात, त्यापेक्षा एखाद्या शाळेला द्या. मिस्टर म्हणतात घरची प्रथा मोडायची नाही. मधल्यामध्ये मी. काय करू?

उत्तर : ताई, मुलाचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाहीये पण पूर्ण पटण्यासारखंही नाही. शिर्डीच्या प्रसादालयात नाहीतर नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये जाऊन बसा, शेजारी कोण बसलंय हे तुम्हाला कळत नाही आणि वाढणाराही विचारत नाही. बाकी सगळीकडे गरिबाला आधी आपण गरीब आहोत हे सिद्ध करावं लागतं, उत्पन्नाचा दाखला आणा, रेशनकार्ड आणा, आधार लिंक करा, मग साहेब जागेवर नाहीत, उद्या या. पंगतीत कारवाला आहे म्हणूनच तर खिशात दमडी नसलेला माणूस मान खाली न घालता जेवतो ना. हे काम सरकारी योजनेला अजून तरी जमलेलं नाही, म्हणून अन्नछत्रं जुनी झाली, आता बंद करा असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण मोठ्या देवस्थानाला तुमच्या पैशाची किती गरज आहे हा मुलाचा प्रश्न रास्त आहे. आषाढीच्या वारीत बघा, रस्त्याला लागून असलेल्या गावात केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या इतक्या वाटतात की वारकरी नको म्हणतात, आणि शौचालयाला पैसे द्यायला कोणी पुढे येत नाही कारण त्यावर नाव कसं टाकणार :) गाडगेबाबांना हे बरोबर कळलं होतं. धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा तीर्थाच्या ठिकाणीच, पण आत वस्तीला कोण येतंय, त्याची नड काय याच्यावर त्यांचं लक्ष. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणाच्या कामासाठी देऊन टाकली. प्रथा मोडली असं कोण म्हणेल? बाबा १९५६ मध्ये गेले, पण आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलला आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, विदर्भ-मराठवाड्यातून आलेले, बाहेरच्या राज्यातले सुद्धा. केमो एका दिवसात संपत नाही, महिनोनमहिने चालतं, आणि मुंबईत लॉजचं भाडं कोणाला परवडतं? यात्रेकरू आता तिथे आहे असं मला वाटतं.

तेव्हा मिस्टरांना सांगा पुण्यतिथी तीच, सासऱ्यांचं नाव तेच, जेवणही तेच, फक्त ते एखाद्या हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत द्या. मुलाला सांगा शाळेला त्याने स्वतःच्या पगारातून द्यावं.

प्रश्न : गावच्या देवस्थानाची धर्मशाळा आहे. खालचा हॉल लग्नाला भाड्याने देतात, वरच्या खोल्यांना कुलूप. ट्रस्टी वर्षानुवर्षं तेच. हिशोब मागितला की "देवाच्या कामात राजकारण आणू नका" म्हणतात.

उत्तर : ट्रस्टींचं हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. देवस्थान रजिस्टर असेल तर त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागू आहे आणि हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो. पारावर भांडत बसू नका. जिल्ह्याच्या धर्मादाय ऑफिसात जा, ट्रस्टचा नोंदणी नंबर काढा, शेड्युल वनचा उतारा (म्हणजे धर्मादाय ऑफिसातल्या नोंदवहीतली ट्रस्टची नोंद), ट्रस्टची घटना म्हणजे नियमावली आणि ऑडिट रिपोर्ट यांच्या नकलांसाठी अर्ज करा, फी भरून मिळतात. उताऱ्यावर ट्रस्टी कोण आहेत ते बघा, कारण ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो आणि खूप ठिकाणी तो दिलेलाच नसतो, वारलेली माणसं कागदावर ट्रस्टी म्हणून बसलेली असतात. हॉल एक-एक दिवसाच्या भाड्याने जातो तोवर वेगळं, पण कोणाला लांब मुदतीच्या कराराने दिला असेल तर ते बघा, कारण बिगरशेती मिळकत ३ वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते. तक्रार एकट्याने करू नका, दोन-चार भाविक मिळून करा.

आणि एक, नुसतं ट्रस्टींना हटवा म्हणत गेलात तर ते भावकीचं भांडण होऊन बसतं. वरच्या खोल्या कशाला वापरायच्या ते आधी ठरवून जा. तालुक्याला कॉलेजला जाणाऱ्या मुली गावात असतील तर अभ्यासिका करा, दवाखाना जवळ असेल तर पेशंटच्या माणसांना द्या.

प्रश्न : क्यूआर कोडवर दान केलं तर चालतं का? पुण्य लागतं का?

उत्तर : पुण्याचं खातं माझ्याकडे नाही हो. टॅक्सचं सांगतो. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती दानावरची इन्कम टॅक्सची सूट जुन्या रिजीमवाल्यांनाच आहे, नव्या रिजीममध्ये नाही, आणि २००० रुपयांच्या वर कॅश दिली तर तीही मिळत नाही, म्हणजे क्यूआर बराच. फक्त स्कॅन केल्यावर नाव ट्रस्टचंच येतंय ना ते बघा, कोणा पुजाऱ्याचं पर्सनल खातं नको. स्क्रीनशॉट पावती म्हणून चालत नाही, ट्रस्टकडून रीतसर सर्टिफिकेट मागून घ्या.