ट्रकचा बीसीएम गेलाय असं वायरमन म्हणतोय, लगेच बदलू का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि पहिलं हेच सांगतो की थांबा, आज कोणाला पैसे देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी बीएस-६ आहे, पहिला मोठा पाऊस पडला आणि तेव्हापासून वायपर मनाला येईल तेव्हा फिरतो, इंडिकेटर कधी फास्ट मारतो कधी मारतच नाही, डावा हेडलाइट मध्येच जातो, आणि वायरमनने दोन मिनिटं बघून सांगितलं की बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लाइट-वायपर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला, नवीन आणा नाहीतर जुन्या बाजारात बघा. मी वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला वायरिंगचं काम करतो, २२ वर्षं झाली. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांचा बीसीएम चांगलाच निघालाय.

हे मी शिकलो ते एका माणसाचं नुकसान करून. बीएस-६ गाड्या एप्रिल २०२० नंतर रस्त्यावर आल्या, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. न्हावाशेवा बंदराला कंटेनर ओढणारा एक मालक-ड्रायव्हर, गाडी त्याची एकच, तक्रार अगदी तुमच्यासारखीच. मी स्कॅनर (गाडीतल्या मॉड्यूलचे फॉल्ट वाचणारं यंत्र) लावला, फॉल्टचे कोड दिसले, आणि बोलून गेलो की बीसीएम. त्याने उसने पैसे काढले, पार्ट यायला आठवडा गेला, बसवला, कोडिंग केलं (नवा डबा गाडीशी जुळवला), सगळं चाललं, आणि तिसऱ्या दिवशी पनवेलवरून फोन की परत तेच. मग मी केबिन उचलून खाली नीट बघितलं तर केबिन आणि चेसिसच्या मधली अर्थची (बॅटरीच्या मायनसकडे करंट परत नेणारी) जाळीची पट्टी, तिचा लग, म्हणजे टोकाची बोल्टची कडी, कुजून चार-पाच तारांवर लटकत होता. पट्टी बदलली आणि तक्रार संपली. इलेक्ट्रॉनिक पार्ट एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही. माझी मजुरी मी परत केली पण त्याच्या गाडीचा आठवडा आणि तो हप्ता काही मला परत करता आला नाही. तेव्हापासून पुरावा हातात आल्याशिवाय मी कोणाला बीसीएम बदला म्हणत नाही.

आता बीसीएम करतो काय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. जुन्या गाडीत स्विच दाबला की करंट स्विचमधून रिलेला आणि तिथून थेट बल्बला जायचा. आता स्विच फक्त बीसीएमला निरोप देतो, आणि बीसीएम आतल्या ड्रायव्हर चिपमधून लाइट, वायपर, हॉर्न, लॉक यांना करंट सोडतो. या चिप शहाण्या असतात, बाहेर कुठे शॉर्ट झाला किंवा लोड जास्त झाला तर फ्यूज उडायच्या आधी त्या स्वतःच लाइन बंद करतात. म्हणून फ्यूज चांगला, बल्ब चांगला, तरी लाइट नाही असं दिसलं की लोक बीसीएमला दोष देतात, आणि तो बिचारा स्वतःला वाचवत असतो. आपल्याकडे मागच्या लाइटच्या वायरला जॉइंट मारून शोच्या दहा-बारा लाइटी लावलेल्या असतात, कोणी हेडलाइटला १०० वॅटचा बल्ब घालतो, हे सगळं त्या चिपच्या डोक्यावर बसतं. उलटंही होतं, २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बच्या जागी एलईडी टाकला की करंट इतका कमी लागतो की बीसीएमला वाटतं बल्ब उडाला, मग तो फास्ट मारायला लागतो. तुमच्या गाडीत बाहेरून काय काय लावलंय ते सगळं सोडवा आणि कंपनीचे बल्ब घालून बघा. ट्रेलर असेल तर त्याचा प्लग काढून बघा, पोर्टच्या खाऱ्या हवेत आणि पाण्यात लोळून त्या प्लगच्या पिना आतून खाऊन जातात. प्लग काढल्यावर फॉल्ट गेला तर दोष ट्रेलरमध्ये आहे, केबिनमध्ये कोणी हात घालायची गरजच नाही.

मग बॅटरी. १२-१२ व्होल्टच्या दोन मिळून गाडीला २४ व्होल्ट मिळतात, दोन्ही वेगवेगळ्या मोजा, गाडी रात्रभर उभी असेल तर प्रत्येकी १२.६ च्या आसपास, आणि इंजिन चालू असताना दोन्ही मिळून साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून टेप किंवा चार्जर चालवत असाल तर ती एक कमजोर होते, सेल मारताना व्होल्टेज खाली बसतं आणि बीसीएम मध्येच रिसेट होतो, मग वायपर स्वतःहून फिरला असं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्थ. इथे बहुतेक वायरमन चुकतात कारण ते मीटरचा बजर (वायर जोडलेली असली की वाजतो तो) लावून बघतात. बजर एका तारेवर पण वाजतो! पण त्या एका तारेतून हेडलाइट आणि वायपरचा करंट जाईल का? मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब थेट बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब बीसीएमच्या अर्थ पिनला कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागच्या बाजूने, आणि हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू करा. ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ खराब, तिथेच शोध घ्या. केबिन रबराच्या बुशवर बसलेली असते त्यामुळे अर्थला चेसिसपर्यंत जायला ती पट्टीच मुख्य रस्ता आहे, आणि ती खाली चिखलात असते. तसंच सप्लायचं, बॅटरीचा प्लस आणि बीसीएमची सप्लाय पिन यांच्यामध्ये चालू लोडवर बघा. अजून खात्री हवी तर कपलर काढून सप्लाय आणि अर्थ पिनमध्ये २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावा, पूर्ण उजेड पडला पाहिजे, फक्त पिना रुंद करू नका.

केबिन जिथून उचलली जाते तिथे वायरिंगचा जो जुडगा वाकतो तो हाताने हलवून बघा गाडी चालू ठेवून. तिथे वायर बाहेरून चांगली दिसते आणि आतून तुटलेली असते.

तुमचा फॉल्ट पावसापासून आहे म्हणून मला पाण्याचा संशय जास्त आहे. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी खांबात उतरतं आणि वायरिंगवरून ओघळत फ्यूज बॉक्सवर येतं. बऱ्याच गाड्यांत बीसीएम तिथेच, क्लीनरच्या बाजूला डॅशबोर्डच्या आत असतो. बॅटरी काढा, कपलर सोडवा आणि पिना टॉर्चने बघा, हिरवं किंवा पांढरं पडलंय का. पडलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण सुकू द्या, हीट गन मारू नका. आणि आधी काचेचं रबर करून घ्या, नाहीतर नवीन मॉड्यूल पण पुढच्या सरीत भिजणार. २६ जुलै २००५ ला पाण्यात बुडालेल्या जुन्या गाड्या आम्ही वाळवून, तेल बदलून चालू केल्या होत्या. आताच्या गाडीत ते होत नाही, कपलरमध्ये राहिलेलं थोडं पाणी पण महिनाभराने त्रास देतं.

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तर कॅन लाइन, म्हणजे गाडीतले मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती. मेन स्विच बंद, बॅटरी सोडवलेली, आणि कॅन-हाय कॅन-लो या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. ६० यायला पाहिजेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात, ४० आले तर कोणीतरी जास्तीचा रेझिस्टर घातलाय, जीपीएस बसवणाऱ्याने कुठे जॉइंट मारलाय ते बघा. इग्निशन चालू केल्यावर हाय २.५ च्या थोडा वर, लो थोडा खाली. या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका हां, तिथे फक्त मीटर.

आणि मग स्कॅनर. नुसता कोड वाचून उपयोग नाही, कोड सांगतो की बीसीएमशी बोलणं तुटलं, का तुटलं ते सांगत नाही. लाइव्ह डेटा उघडा, इंडिकेटरचा स्विच दाबा, स्क्रीनवर ऑन झालं का? नाही झालं तर स्विच किंवा त्याची वायर. झालं, तर स्कॅनरमधून तोच आउटपुट चालू करायचा हुकूम द्या आणि बीसीएमच्या त्या पिनवर बल्बचा लोड लावून बघा. मीटरने एकट्याने बघू नका, लोड नसताना खराब चिप पण २४ व्होल्ट दाखवते. हुकूम गेलाय, सप्लाय अर्थ पक्के आहेत, बाहेरची वायर सुटी करून चांगला बल्ब लावलाय आणि तरी उजेड नाही, तर आतली चिप गेली. हा पुरावा. किंवा गाडीतले बाकी सगळे मॉड्यूल बोलतायत, बीसीएमच्या पिनवर सप्लाय, अर्थ आणि कॅन तिन्ही बरोबर आहेत आणि तरी तो गप्प आहे, तर हाही पुरावा.

तेव्हा बदला. पण जुन्या बाजारातला घेताना फार सांभाळा. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, आणि पुष्कळ मॉड्यूल आधीच्या गाडीच्या चेसिस नंबरला बांधलेले असतात, ते तुमच्या गाडीत उघडतीलच असं नाही, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) त्यात असेल तर गाडी स्टार्टच होणार नाही. पैसे देण्याआधी कोडिंग कोण करणार ते ठरवा. एकच आउटपुट गेला असेल तर रिपेअर करून बघायला हरकत नाही, चिप मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात आणि हात चांगला असलेला कारागीर ती बदलतो. बोर्ड पाण्याने खाल्लेला असेल तर रिपेअरवर खर्च करू नका.

बदलताना जुना मॉड्यूल बोलत असेल तर त्याचं कॉन्फिगरेशन आधी वाचून सेव्ह करायला लावा. इग्निशन बंद केल्यावर लगेच मेन स्विच ओढू नका, बीएस-६ मध्ये अ‍ॅडब्लूचा (धूर साफ करायला वापरतात त्या युरियाच्या पाण्याचा) पंप लाइन रिकामी करत असतो, दोन-तीन मिनिटं द्या. कपलर लॉक उघडून काढा, वायर धरून ओढू नका. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर नवीन मॉड्यूल तिथेच अडकून बसतो. झालं की कोड साफ करा, प्रत्येक लाइट, वायपरची प्रत्येक स्पीड, हॉर्न, लॉक, सगळं स्वतः उभं राहून तपासा, आणि काचेवर पाण्याचा पाइप मारून अर्ध्या तासाने परत एकदा तपासा.

तोपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर बॅटरीवरून हेडलाइटला थेट वायर ओढून देतो असं कोणी म्हणालं तर फ्यूज आणि रिले शिवाय ओढू देऊ नका, केबिनला आग लागलेली मी बघितलीय. आणि रात्रीची खेप घेऊ नका.

अर्थवर किती व्होल्ट आले आणि कॅनवर किती ओहम आले ते इथेच खाली लिहा, गाडीचं मॉडेल पण लिहा, मी रात्री दुकान बंद केल्यावर बघतो. आणि बदललाच तर जुना बीसीएम वायरमनकडे सोडून येऊ नका, घरी घेऊन या.