माहितीपत्रकावर १२,००० ल्युमेन लिहिलेला नवा एलईडी प्रोजेक्टर घेण्याआधी काय तपासून बघावे?

तुम्ही दिलेल्या माहितीपत्रकात चार आकडे ठळक आहेत: १२,००० ल्युमेन (एकूण उजेडाचे माप), १०,०००:१ काँट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या भागाच्या उजेडाचे प्रमाण), '४के सपोर्ट' आणि कमाल ३०० इंच चित्र. निर्णय घ्यायला या चारपैकी एकही उपयोगाचा नाही. उपयोगाचा आकडा खाली बारीक अक्षरांत आहे: वीजवापर १३० वॅट. अनोळखी एलईडी प्रोजेक्टर समोर आला की मी आधी वॅट बघतो, कारण तिथे फुगवायला फारसा वाव नसतो.

हिशेब करून बघा. १३० वॅटमधून पंखे, बोर्ड, स्पीकर आणि पॉवर सप्लायमधली घट वजा केली, तर एलईडीच्या वाट्याला साधारण १०० वॅट येतात. चांगली पांढरी एलईडी वॅटमागे १२० ल्युमेनच्या आसपास देते. झाले १२,०००! म्हणजे हा आकडा बहुधा एलईडीच्या तोंडाशी असलेल्या उजेडाचा आहे, लेन्समधून बाहेर पडणाऱ्या उजेडाचा नाही. मधल्या वाटेत त्याचे काय होते ते बघा. एकाच एलसीडी पॅनेलच्या प्रोजेक्टरमध्ये (या वर्गातले बहुतेक तसेच असतात) पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारा पडदा) निम्मा उजेड अडवतो. उरलेल्यातला दोन-तृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमध्ये वाया जातो. इथेच एक-षष्ठांश शिल्लक राहिला. एलईडीचा उजेड चहूकडे पसरतो, त्यामुळे तो सगळा पॅनेलवर गोळाही होत नाही. पुढे पिक्सेलांमधली काळी जाळी, फ्रेनेल लेन्स (चपटी, खाचांची लेन्स), आरसा आणि मुख्य लेन्स आपापला वाटा घेतात. पडद्यावर पोहोचतात ते काही शे ल्युमेन.

म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: एएनएसआय किंवा आयएसओ २१११८ (प्रोजेक्टरचा उजेड मोजण्याची मानके) प्रमाणे किती ल्युमेन? या दोन्हींत प्रत्यक्ष पडद्यावरचा उजेड नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढतात. 'एलईडी ल्युमेन', 'लाइट सोर्स ल्युमेन' किंवा नुसते 'लक्स' असे उत्तर आले तर तो आकडा विसरून जा. लक्स हे दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचे माप आहे. चित्र लहान केले की लक्स हवे तितके वाढवता येतात.

आता किती ल्युमेन पुरतात? चित्रपटगृहातल्या डिजिटल पडद्याचे प्रमाण ४८ निट (पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो त्याचे माप) आहे. १०० इंची १६:९ चित्राची रुंदी २.२१ मीटर, उंची १.२५ मीटर, क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. साध्या पांढऱ्या पडद्यावर (गेन १.०, म्हणजे उजेड एका दिशेला न वळवणारा) ४८ निट मिळवायला ४८ × ३.१४ × २.७६, म्हणजे सुमारे ४१६ खरे ल्युमेन लागतात. ३०० इंचाला क्षेत्रफळ नऊपट, म्हणून ल्युमेनही नऊपट, जवळपास ३,७५०. जाहिरातीतले ३०० इंच म्हणजे लेन्स तेवढे मोठे चित्र पाडू शकते, इतकेच. ते दिसेल असे कोणी म्हटलेले नाही. समजा तुमचे यंत्र खरे ३०० ल्युमेन देते. मग १०० इंचावर ३५ निट मिळतील, अंधाऱ्या खोलीत चालण्यासारखे. तेच ८० इंचावर ५४ निट. वीस इंच सोडून दिले की चित्रात जीव येतो, आणि ही तडजोड मी नेहमी सुचवतो.

खिडकी उघडी ठेवून बघायचे असेल तर गणित बिघडते. ३०० ल्युमेन १०० इंचावर पसरले की पांढऱ्या भागावर साधारण १०९ लक्स पडतात. खोलीतला उजेड भिंतीवर ५० लक्स असेल (पडदे अर्धवट ओढलेल्या खोलीत तो सहज असतो), तर पांढरे १५९ आणि काळे ५०. काँट्रास्ट उरला जेमतेम ३:१, मग खोक्यावर १०,०००:१ छापलेले असो की लाख. शिवाय तो छापील आकडा बहुतेक वेळा 'डायनॅमिक' असतो: काळे दृश्य आले की एलईडीच मंद करून मोजलेला. एकाच दृश्यात काळे आणि पांढरे शेजारी असताना त्याचा उपयोग नसतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. त्याचे काळे म्हणजे तुमच्या भिंतीवर आधीच असलेला उजेड. त्यामुळे जाड पडद्यांवर केलेला खर्च कित्येकदा महागड्या मॉडेलपेक्षा जास्त फरक पाडतो.

'४के सपोर्ट' म्हणजे यंत्र ४के फाइल स्वीकारते. दाखवते किती, ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन'मध्ये लिहिलेले असते: १९२०×१०८०, १२८०×७२०, कधी त्याहूनही कमी. डीएलपी यंत्रांत (यांत एलसीडी पॅनेलऐवजी बारीक आरशांची चिप असते) आणखी एक प्रकार असतो. ०.४७ इंची चिपवर आरसे १९२०×१०८०च असतात, पण चित्र दर फ्रेमला चार जागी किंचित सरकवून ४के उभे करतात. ही फसवणूक नाही, तपशील खरोखर वाढतो. मात्र ०.२३ इंची लहान चिपमध्ये हीच युक्ती ९६०×५४० आरशांवर करून १०८०पी गाठतात, म्हणून '१०८०पी' वाचल्यावर चिप कोणती हे विचारायला हरकत नाही.

हे पडताळायला यंत्र चालू स्थितीत बघायला हवे. लॅपटॉप, स्वतःची एचडीएमआय केबल आणि पेन ड्राइव्ह घेऊन जा. पेन ड्राइव्हवर ही चित्रे ठेवा: पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे, निळे आणि मध्यम राखाडी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग चढत जाणारी पट्टी, चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी बारीक मजकूर असलेले पान, आणि एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांचे १९२०×१०८०चे चित्र. ही सगळी कुठल्याही चित्र-संपादकात दहा मिनिटांत तयार होतात. सोबत एक अंधाऱ्या दृश्यांची आणि एक कॅमेरा आडवा सरकणाऱ्या दृश्याची फाइल घ्या. विक्रेत्याचा स्वतःचा डेमो व्हिडिओ बघू नका. त्यात फुले, पोपट आणि रंगीत फुगेच असतात, आणि एलईडीचे गडद रंग डोळ्यांना मोजमापापेक्षा जास्त उजळ भासतात. माणसांचे चेहरे बघा. चेहऱ्याचा रंग चुकला की लगेच कळते.

यंत्र सुरू करून २० ते ३० मिनिटे तापू द्या. लेन्स प्लास्टिकची असेल तर गरम झाल्यावर फोकस सरकतो. थंड यंत्रावर केलेली पारख फसवी असते. मग कीस्टोन (तिरपे पडलेले चित्र चौकोनी करणारी सेटिंग) आणि डिजिटल झूम शून्यावर आणा, लॅपटॉपचे आउटपुट १९२०×१०८० ठेवा आणि रेघांचे चित्र लावा. जवळ जाऊन बघितल्यावर रेघा सुट्या दिसल्या तर पॅनेल खरोखर १०८०पी आहे. त्याऐवजी राखाडी धुके किंवा लाटांसारखे पट्टे दिसले, तर कुठेतरी चित्र लहान-मोठे केले जातेय: एक तर पॅनेल कमी रिझोल्यूशनचे आहे, नाहीतर एखादी सेटिंग (बहुधा ओव्हरस्कॅन, म्हणजे कडा कापून चित्र मोठे करणे) चालू राहिलीय. ती बंद करून पुन्हा बघा आणि मगच निकाल द्या.

मजकुराच्या पानावर मध्यभाग फोकस करा आणि कोपरे वाचा. कोपरा स्पष्ट करायला गेले की मध्य धूसर होतो, हा स्वस्त लेन्सचा नेहमीचा दोष आहे. थोडे चालते, पण सबटायटल वाचता येत नसतील तर ते यंत्र नको. राखाडी चित्रावर एक कोपरा पिवळट किंवा गुलाबी दिसतो का ते बघा. काळ्या चित्रावर मऊ कडांचे ठिपके दिसले, तर आत धूळ गेलेली आहे. नव्या नमुन्यात धूळ असेल तर वर्षभरात काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधा, आणि ऑप्टिकल भाग बंदिस्त आहे का हे विचारा. उघड्या रचनेत गार हवा थेट पॅनेलवरून वाहते आणि धूळ सोबत आणते.

उजेड मोजायला मोबाइलचे लक्स अॅप चालेल. त्याचा नेमका आकडा विश्वासाचा नसतो, पण दोन जागांची तुलना होते. पूर्ण पांढरे चित्र तीन गुणिले तीन भागांत कल्पून प्रत्येक भागाच्या मध्यभागी, सेन्सर प्रोजेक्टरकडे करून लक्स मोजा. मग लेन्स झाकून खोलीतला उजेड मोजा आणि वजा करा. कोपऱ्यात मध्यापेक्षा निम्म्याहून कमी उजेड भरला, तर क्रिकेटच्या मैदानासारख्या सपाट रंगात ते सतत डोळ्यांत भरेल. खरा लक्समीटर मिळाला तर नऊ आकड्यांच्या सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणा. आलेला गुणाकार म्हणजे खरे ल्युमेन. माहितीपत्रकावर वाद घालण्यापेक्षा हे सोपे.

एक सापळा मात्र इथे आहे. सर्वांत जास्त ल्युमेन ज्या मोडमध्ये मिळतात, त्यात चित्र बहुधा हिरवट किंवा निळसर असते आणि पंखा सर्वांत जोरात असतो. माहितीपत्रकात उजेड त्या मोडचा छापतात आणि आवाज इको मोडचा. म्हणून ज्या मोडमध्ये तुम्ही सिनेमा बघणार, त्याच मोडमध्ये उजेडही मोजा आणि पंख्याचा आवाजही ऐका. स्पीकर बंद करून, यंत्रापासून मीटरभर अंतरावर, अर्धा तास चालल्यानंतर. नुसता घूं आवाज कानाला सवयीचा होतो. मधेच वर-खाली होणारा किंवा शिट्टीसारखा आवाज सवयीचा होत नाही.

डीएलपी यंत्र असेल तर 'इंद्रधनुष्य' तपासा. त्यात लाल, हिरवे, निळे चित्र एकामागून एक येते. काळ्यावर पांढरी अक्षरे लावा आणि नजर झटकन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. रंगीत कडा दिसल्या तर तुमचे डोळे त्याबाबत संवेदनशील आहेत. हे माणसागणिक बदलते, म्हणून घरात जे बघणार त्यांनाही सोबत न्या. मोबाइलच्या फोटोत दिसणारे रंगीत पट्टे मात्र मनावर घेऊ नका, ते शटरमुळे येतात.

तुम्ही भिंतीपासून ३ मीटरवर शेल्फ आहे आणि १०० इंच हवे असे लिहिलेय. १०० इंचासाठी थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) हवा ३ ÷ २.२१, म्हणजे १.३६. तुमच्या मॉडेलचा १.२ आहे. तिथून चित्राची रुंदी २.५ मीटर, म्हणजे सुमारे ११३ इंच पडेल. ऑप्टिकल झूम नसेल तर ते डिजिटल झूमने लहान करावे लागेल. मग १९२० पैकी जवळपास १,७०० पिक्सेलच वापरात राहतील आणि २२ टक्के उजेड वाया जाईल. त्यापेक्षा यंत्र २.६५ मीटरवर आणा. कीस्टोनचेही तसेच. स्वयंचलित कीस्टोनचे कौतुक जाहिरातीत खूप असते, पण तोही पिक्सेल कापूनच चित्र चौकोनी करतो. यंत्र सपाट ठेवल्यावर चित्र लेन्सच्या किती वर किंवा खाली पडते, हे दुकानात टेपने मोजून घ्या आणि शेल्फची उंची त्यानुसार ठरवा.

एचडीआरची (उजळ आणि गडद भागांत जास्त फरक साठवणारी) फाइल बहुतेक यंत्रे स्वीकारतात. काही शे ल्युमेनमध्ये ती उलट काळवंडलेली दिसते. तीच फाइल साध्या एसडीआरमध्ये लावून तुलना करा. आडव्या सरकणाऱ्या दृश्यात झटके बसत असतील, तर यंत्र २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झमध्ये कोंबतेय. २४ हर्ट्झ सिग्नल स्वीकारूनही आतल्या आत ६०च दाखवणारी यंत्रे असतात, त्यामुळे मेनूवर नाही, डोळ्यांवर भरवसा ठेवा. गेम खेळणार असाल तर गेम मोडमधला इनपुट लॅग (बटण दाबल्यापासून चित्रात बदल दिसेपर्यंतचा उशीर) विचारा. ३० मिलिसेकंदांखाली असेल तर उत्तम. कीस्टोन चालू केला की तो वाढू शकतो.

आतल्या अॅप्सना मी फार महत्त्व देत नाही. तरी नेटफ्लिक्ससारखी सेवा त्यावरच बघायची असेल तर वाइडवाइन एल१ (कॉपी रोखणाऱ्या प्रणालीची वरची पातळी) आहे का आणि त्या सेवेची अधिकृत मान्यता आहे का, हे दोन्ही विचारा. नुसते एल३ (खालची पातळी) असेल तर सशुल्क चित्रपट अनेकदा एसडीतच (कमी स्पष्टतेत) चालतात आणि दोष लेन्सवर ढकलला जातो. वेगळी स्टिक लावली की प्रश्न मिटतो, त्यासाठी एचडीएमआयला एचडीसीपी (कॉपी रोखणारी व्यवस्था) हवे, ४के सिग्नलसाठी २.२. साउंडबार जोडायचा असेल तर एआरसी (एचडीएमआय केबलमधूनच आवाज साउंडबारला पाठवण्याची सोय) खरोखर चालतो का ते तिथेच जोडून बघा. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ही तक्रार फार सर्रास आहे.

३०,००० तासांचे आयुष्य म्हणजे उजेड निम्मा होईपर्यंतचा काळ. रोज चार तासांनी ती वीस वर्षे होतात. एलसीडी यंत्रात त्याच्या कितीतरी आधी पंखा थकतो, जाळी तुंबते, पोलरायझर उष्णतेने करपतो आणि चित्रात पिवळा डाग पडतो. तेव्हा वॉरंटीत पॅनेल आणि ऑप्टिकल भाग धरलाय का, हे लेखी घ्या. परत करण्याची मुदत दहा दिवसांपेक्षा कमी असेल तर वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या पहिल्याच दोन संध्याकाळी उरकून टाका, आणि तोवर खोके व फोम फेकू नका.