एक केळं म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : मी रोज खाल्लेली फळं मोबाइलमधल्या ॲपमध्ये नोंदवते. पण ‘एक केळं’ लिहिलं की कधी ९० कॅलरी दिसतात, तर कधी १२०. खरं काय धरायचं?

उत्तर : दोन्ही खरं! लहान केळ्याचा गर साधारण १०० ग्रॅम भरतो, मोठ्याचा १३५ च्या आसपास. १०० ग्रॅम गराला ८९ कॅलरी धरल्या, की तुमचे दोन्ही आकडे जुळतात. म्हणून ‘एक’, ‘दोन’ असं मोजू नका, वजन करा. आणि तेही सोलून. सुरुवातीला मी अख्खं केळं काट्यावर ठेवायचो आणि सालीच्या कॅलरी आठवडाभर इमानेइतबारे वहीत लिहीत होतो! केळ्याच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा सालीचाच असतो.

सफरचंद ५२, कलिंगड ३०, द्राक्षं ६९ (सगळं १०० ग्रॅमला). हे सरासरी आकडे. पिकण्यानुसार, जातीनुसार थोडं इकडेतिकडे होणारच. पाच-दहा कॅलरींसाठी जीव टांगणीला लावू नये. खरी चूक होते ती नोंद निवडताना. ‘द्राक्षं’ऐवजी चुकून ‘बेदाणे’ निवडले, तर ६९ चे थेट ३०० होतात, कारण पाणी उडालं तरी साखर तिथेच राहते.

आणि नुसत्या कॅलरींच्या रकान्यावर थांबू नका. संत्र्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, पेरूत त्याच्या चौपट. रस काढून गाळलात तर तंतू मात्र गाळणीतच राहतात. तेव्हा रसाची नोंद वेगळी करा.