एकाच कढईत गॅसवर पास्ता आणि मटणाचा खिमा कसा करावा?

पास्त्याचा लगदा होतो आणि खिमा मात्र वातड राहतो, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही एकदम शिजायला टाकता, तिथंच बिघडतं. मटणाच्या खिम्याला अर्धा तास तरी लागतो, पास्त्याला दहा-बारा मिनिटं. बेळगावात टिळकवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचे तेव्हा माझ्याकडे एकच शेगडी होती. पहिल्या खेपेला मीही सगळं एकत्रच घातलं आणि खिम्याची वाट बघत पास्ता पार विरघळला. पाव किलो मटण वाया गेलेलं फार लागलं जिवाला.

आता करते ते असं. तिघांना पाव किलो खिमा आणि 200 ग्रॅम पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता. कढई पसरट, जाड बुडाची, स्टीलची घ्या. लोखंडी नको, टोमॅटोनं रस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते.

तेलात दोन कांदे लालसर करा, आलं-लसूण घाला, मग आच मोठी करून खिमा. आता घाई करू नका. खिमा आधी पाणी सोडतो, राखाडी दिसतो, नुसता रटरटतो. उलथन्यानं गुठळ्या फोडत राहा. पाणी आटलं की आवाज बदलतो, रटरट जाऊन चरचर सुरू होते, कडेनं तेल सुटतं आणि बुडाला तपकिरी खरवड धरते. या डिशची सगळी चव त्या खरवडीत आहे. पांढरट खिम्यावर टोमॅटो ओतलात तर पुढं कितीही मसाला घाला, चव पचपचीतच राहणार.

मग तिखट. मी बेडगी दोन चमचे आणि संकेश्वरी अर्धाच चमचा घालते. बेडगीनं रंग येतो, संकेश्वरी जाळ करते. हळद, मीठ, तीन टोमॅटो बारीक चिरून. टोमॅटोच्या पाण्यात खरवड सुटते, ती खरवडून घ्या. कपभर गरम पाणी घालून झाकण ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर. दाणा बोटात दाबून बघा, सहज चुरला पाहिजे. तो चुरत नाही तोवर पास्त्याचं पाकीट फोडूसुद्धा नका.

आता अर्धा लिटर उकळतं पाणी आणि पास्ता. पाणी गारच ओतलं तर उकळी येईपर्यंत पास्ता भिजून चिकटतो. हे पाणी गाळायचं नाही, पास्त्यातला स्टार्च त्यातच उतरतो आणि रस्सा दाट होऊन पास्त्याच्या अंगाला लागतो. दर दोन मिनिटांनी बुडापासून हलवा. पेलाभर गरम पाणी जवळ असू द्या, कोरडं वाटलं तर थोडं थोडं घाला. किंचित रस असतानाच गॅस बंद करा, पाच मिनिटांत तोही मुरतो.

पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या. आपल्याकडच्या खपलीसारखाच हा कडक गहू, दोघं एकाच कुळातले, त्यामुळे शिजूनही आकार धरतो. मैद्याचा पास्ता या पद्धतीत टिकत नाही.

वरून लोण्याचा गोळा, कोथिंबीर, लिंबू. चीज मी घालत नाही, खिम्याचा वास दबतो. उरलाच तर सकाळी पाण्याचा हबका मारून तव्यावर परता, कडा कुरकुरीत होतात.