‘काटा काढला’, पण काटा कुणाचा?

पंचवटीतल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्या आपली पहिलीच रहस्यकथा लिहायला बसल्या आहेत. त्या विचारतात, ‘बातमीत खून म्हणतात, भाषणात हत्या, इतिहासाच्या पुस्तकात वध आणि पोलिसांच्या कागदात मेलेला माणूस नुसता मयत. अर्थ एकच असेल तर कथेत यातला कुठलाही वापरला तर बिघडलं कुठे?’

ताई, बिघडतं. जीव घेण्याची क्रिया एकच असते, पण ती कुणाच्या बाजूला उभं राहून पाहिली, हे या प्रत्येक शब्दात आधीच भरलेलं असतं.

‘खून’ मूळचा फारसी आणि त्याचा अर्थ रक्त. हिंदीत दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. मराठीने रक्ताला रक्तच ठेवलं आणि खून घेतला तो गुन्ह्यापुरता. त्यामुळे ‘विष पाजून खून’ म्हणताना आपल्याला काही खटकत नाही. कायद्याच्या मराठीतही हाच शब्द आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२चं १०३ झालं, खून मात्र खूनच राहिला. या शब्दाला मेलेला माणूस चांगला होता की वाईट याच्याशी देणंघेणं नाही. कुणी केला आणि शाबीत होतो का, एवढंच तो विचारतो.

‘हत्या’ पापाच्या बाजूने येते. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. तुम्ही पंचवटीतल्या, म्हणजे कपालेश्वराच्या पायऱ्या कितीदा चढल्या असाल. तिथे महादेवापुढे नंदी नाही. शंकराला लागलेलं ब्रह्महत्येचं पातक गोदावरीच्या स्नानाने फिटेल, ही वाट नंदीने दाखवली, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. यातलं ‘लागलेलं’ हे क्रियापद पाहा. हत्येचं पातक लागतं. खुनाचा आरोप होतो, शिक्षा होते, पण खून स्वतः कुणाच्या अंगाला चिकटून राहत नाही. म्हणून शोक आणि संताप जिथे बोलतात तिथे ‘हत्या’ आपोआप तोंडात येते.

‘वध’ म्हटलं की मेलेला आधीच दुष्ट ठरतो. कंसाचा वध, अफजलखानाचा वध. (‘सदोष मनुष्यवध’ हा कायद्याचा शब्द याला अपवाद. तिथे वधाला पुण्याचा वास नाही, आधी ‘सदोष’ लावून तो काढून घेतला आहे.) हे आपल्या नाशकात फार जवळून पाहता येतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पोरगा विशीच्या आतला. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला, कर्वे आणि देशपांडे या साथीदारांसह, फाशी झाली. सरकारी भाषेत तो खून होता आणि कान्हेरे खुनी. आपल्या क्रांतिकारकांच्या चरित्रांत ‘जॅक्सनचा वध’ हा शब्दप्रयोग सर्रास सापडतो. आणि आज ज्या मोठ्या मैदानावर आपण सकाळी फिरायला जातो, त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. घटना तीच, तारीख तीच. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, कारण महाभारतातल्या कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. नावातल्या ‘वध’ या शब्दानेच प्रेक्षकाची बाजू ठरवून टाकली होती. ललित लेखक एका शब्दावर किती काम करून घेऊ शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या, पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या शब्दप्रयोगाकडे येतो: काटा काढणे.

मी बरीच वर्षं एका दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्यांवर हात फिरवायचो. एकदा मथळा दिला, ‘प्रियकराच्या मदतीने काढला पतीचा काटा’. दोन दिवसांनी मेलेल्या माणसाचा मोठा भाऊ कार्यालयात आला. शर्टाच्या खिशात कात्रणाची चौकोनी घडी. ती टेबलावर उलगडून, बोट ठेवून त्याने विचारलं, ‘साहेब, आमचा भाऊ काटा व्हता का?’ मला उत्तर देता आलं नाही. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, की काटा होता तो मारणाऱ्यांच्या पायातला. मी त्यांच्या मनातला शब्द उचलून वर्तमानपत्राच्या तोंडी घातला होता. त्या दिवसानंतर माझ्या हाताखालून तो शब्द छापायला गेला नाही.

तुमच्या कथेत मात्र तो चालेल. मारेकरी मनाशी म्हणत असेल, ‘एकदाचा काटा निघाला’, तर त्यापेक्षा नेमका शब्द नाही. कथालेखकाला खुन्याच्या डोक्यात शिरायची मुभा आहे. कोण बोलतंय हे वाचकाला ठाऊक असतं. बातमीत बोलणारा बातमीदार असतो, तिथे ही उसनवारी अन्याय करते. ‘किरकोळ कारणावरून’ हाही तसलाच. किरकोळ कुणाच्या मापाने? ‘खुनाचा थरार’सुद्धा रहस्यकथेच्या वेष्टनावरून थेट पहिल्या पानावर आलेला.

उलट दिशेनेही देवाणघेवाण होते आणि तुम्हाला ती उपयोगी पडेल. पंचनाम्याची भाषा ऐका: ‘गंगाघाटावर एक पुरुष जातीचे अनोळखी प्रेत मिळून आले.’ (गंगा म्हणजे आपली गोदावरी.) मिळून आले! शोधणारं कुणी नाही, दचकणारं कुणी नाही. ‘नामे’, ‘सदर इसम’, ‘धारदार हत्यार’, ‘यातील मयत’ या शब्दांनी कागदावरचं वातावरण गार होतं, आणि कागदाला तसंच असावं लागतं. हेच वाक्य कथेत रडारडीच्या परिच्छेदानंतर जसंच्या तसं ठेवलं, तर रडण्याहून जास्त अंगावर येतं. ‘मयत’चं तर घरातलं रूपही आहे. ‘मयताला जाऊन आलो’ म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर चेहरा असतो, ठाणे अंमलदाराच्या डोळ्यांसमोर रकाना.

व्याकरणाचं एकच सांगतो. ‘त्याने खून केला’, ‘त्याच्याकडून खून झाला’, ‘त्याच्या हातून खून झाला’. पहिल्यात माणूस पुढे आहे. ‘हातून’ आलं की माणूस मागे सरतो, जणू हात त्याचा नव्हताच. कबुलीजबाब लिहाल तेव्हा पात्राला यातलं कुठलं वाक्य द्यायचं ते आधी ठरवा. खरा पश्चात्ताप झालेला माणूस ‘मी मारलं’ म्हणतो, असं माझं मत. सुटकेची वाट शोधणारा ‘हातून’ म्हणतो. आणि ‘मारला’ऐवजी ‘मेला’ म्हणणारा अजून काहीतरी लपवतोय.

बातमीतला ‘आरोपी’ मात्र कथेत जपून वापरा. निकाल लागेपर्यंत तो गुन्हेगार नव्हे, हे बातमीने पाळायचंच. कथेत शेजारच्या मावशी त्याला पहिल्या दिवसापासून ‘मेल्या खुन्या’च म्हणतील, त्यांना म्हणू द्या.

तुम्ही पाठवलेलं पहिलं वाक्य असं आहे: ‘पहाटे गंगेवर एका तरुणाची निर्घृण हत्या झाली.’ यातलं ‘निर्घृण’ तुम्हाला आमच्या मथळ्यांतून मिळालंय, ते काढा. ‘हत्या’ कोण म्हणतंय, तेही अजून ठरलेलं नाही. त्याऐवजी पहाटे आंघोळीला आलेल्या म्हातारीला पायरीवर आधी एकच चप्पल दिसू द्या. खून हा शब्द फौजदार आल्यावर येऊ दे.