डेटा उतरवून घेण्याआधी एकदा खोडदला जाऊन ये

अरे, तुझा मेल परवाच वाचला, उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. आणि ते मॅडम वगैरे सोड, ताई म्हण.

पीएचडीला रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमी घेऊ का म्हणून विचारलंस, घे की. पण पुढे जे लिहिलंयस ना, की जुना डेटा आर्काइव्हमधे पडलेलाच आहे, लॅपटॉप असला की पुण्यात बसून काम होतं, खोडदला दुर्बिणीच्या साइटवर कशाला जायचं, ते वाचून मी जरा अडखळले. म्हणजे काम होतं, खोटं नाही. बऱ्याच जणांचं होतं. पण तुझं तसं व्हावं असं मला वाटत नाही, का ते सांगते.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. जीएमआरटीवर, म्हणजे खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर, रात्रीचं ऑब्झर्व्हेशन होतं, पल्सार शोधत होतो, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारे मेलेले तारे, आणि पहिल्याच प्लॉटमधे एक सिग्नल असा घड्याळासारखा ठोके देत होता की माझी झोपच उडाली. दर २० मिलीसेकंदाला एक ठोका, एकदम स्वच्छ. मी धावत कंट्रोल रूममधे. ऑपरेटर काका चहा पीत होते, त्यांनी कप खाली पण ठेवला नाही. म्हणाले, "वीस मिलीसेकंद म्हणजे सेकंदाला किती झाले?" म्हटलं पन्नास. "आणि आपल्या घरात लाइट किती हर्ट्झची येते?"

पन्नास. मी विजेच्या तारांचा शोध लावला होता.

मग त्यांनीच बसवून दाखवलं. खऱ्या पल्सारचा ठोका लांबून येतो, वाटेत इलेक्ट्रॉन लागतात, त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सी मागे रेंगाळते आणि ठोका प्लॉटमधे तिरका वाकलेला दिसतो. माझा ठोका सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकाच क्षणी आलेला, सरळ उभी रेघ, म्हणजे जवळचाच कुठलातरी ठिणग्या उडवणारा खांब. पुस्तकात हे मी आधी वाचलेलं होतं बरं का, परीक्षेत मार्कही मिळाले होते. नंतर कळलं की असा खांब शोधायला गाडीत अँटेना टाकून शेताशेतातून फिरणारी माणसं असतात. तू जो आर्काइव्हमधला "स्वच्छ" डेटा म्हणतोयस ना तो त्यांच्या पायपिटीतून आलाय, आणि एखादी अँटेना त्या रात्री का रुसली होती हे डेटा सांगत नाही, तिथला माणूस सांगतो. लॉगमधली शेरेबाजी वाचायची सवय लाव, सोनं असतं त्यात.

आकडे तुला माहीत असतील, तरी तिथे उभा राहून बघ. ३० डिश, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, १४ मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि १६ तीन हातांवर पसरलेल्या, सगळ्यात लांबच्या दोघींमधे साधारण २५ किलोमीटर. तीस म्हणजे ४३५ जोड्या, प्रत्येक जोडी एक बेसलाइन, म्हणजे दोन डिशमधलं एक अंतर, अशा सगळ्या जोड्यांचे सिग्नल जुळवून चित्र बनतं. आणि डिश म्हणजे पत्रा नाही, तारेची जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं. आपल्या रेडिओ लहरी वीसएक सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या, त्यांना एक-दोन सेंटिमीटरचं भोक दिसतच नाही, आणि वारा मात्र निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांची ही आयडिया, मला अजूनही त्यातली काटकसर फार आवडते, आपल्या आजीला पटली असती अशी.

फोन तिथे बंद ठेवायचा, सायलेंट नाही, बंद. चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवला ना तर आकाशातल्या बहुतेक स्रोतांपेक्षा तो ठळक दिसेल, तू तर खिशात घेऊन येणार. सुरुवातीला हात सारखा खिशाकडे जातो, मग रात्री गेस्ट हाउसमधे लोक एकमेकांशी बोलायला लागतात, माझे अर्धे पेपर त्या गप्पांमधून निघालेत (उरलेल्या अर्ध्यांचं सोड).

जमलं तर २८ फेब्रुवारीला जा. विज्ञान दिनाला आसपासच्या शाळांची पोरं प्रयोग घेऊन येतात, नुसती जत्रा असते. एका मुलीने मला विचारलं होतं, "ताई, एवढ्या मोठ्या दुर्बिणीत डोळा कुठे लावायचा?" मी सांगितलं कुठेच नाही, कॉम्प्युटरवर चित्र तयार करतो. तर म्हणते, "मग ते चित्र खरं कशावरून?" तुझ्या व्हायव्हाला हाच प्रश्न येणार आहे, फक्त जास्त अवघड इंग्रजीत.

कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअर, प्रपोजल कसं लिहायचं ते सगळं शिकशील, त्याची काळजी करू नकोस. गाइड निवडताना मात्र एक बघ, त्यांचे विद्यार्थी साइटवरच्या लोकांना नावाने ओळखतात का. नसतील ओळखत तर जरा विचार कर.

आता व्यवहाराचं. पुण्याहून नारायणगावची एसटी पकड, सकाळी लवकर, नाहीतर चाकणला ट्रॅफिकमधे अडकशील. नारायणगावाहून खोडद फार लांब नाही. आधी परवानगी काढ, तशीच गाठ घ्यायला जाऊ नकोस. स्वेटर घे, थंडीत तिथे पुण्यापेक्षा जास्त वाजतं. आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकटा फिरू नकोस, जुन्नरचा बिबट्या आहे तो, तुझा थिसिस बघणार नाही.

जाऊन आलास की फोन कर. ऑपरेटर काका रिटायर झालेत, पण त्यांच्या खुर्चीत आता कोण बसतं ते मला सांग.