जुन्या मशीनवर करमिट चढवताना

भावा, कुपवाड एमआयडीसीतल्या त्या जुन्या मशीनवर करमिट (दोन मशीनींमधे फाईली पाठवायचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेले नियम) पोर्ट करायचंय, म्हणजे तिथं चालेल असं करायचंय, म्हणतोस तर पहिल्याच दिवशी सगळा सी-करमिट (त्याचा सी भाषेतला मोठा तयार प्रोग्राम) कंपाईल करायला बसू नको, एररचा ढीग पडेल आणि हाती काय लागणार नाही. आधी प्रोटोकॉल नीट वाच. १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात तो बनला तोच एकमेकांशी न जमणाऱ्या मशीनींसाठी, म्हणून तर डेटातली कंट्रोल कॅरेक्टरं (छापता न येणारी, मशीनला हुकूम देणारी चिन्हं) सरळ न पाठवता पुढं # लावून छापता येणारी करून पाठवतात. फार सुंदर डोकं लावलंय.

तुझं मशीन एब्सिडिकवालं, खरी गोची तिथंच. एब्सिडिक म्हणजे अक्षरांना नंबर द्यायची आयबीएमची पद्धत, आणि आस्की ही बहुतेक मशीनींवरची दुसरी. कॅपिटल ए आस्कीत ६५ आणि इथं १९३, वर I अक्षरानंतर J अक्षर लगेच येत नाही, मधे ७ जागा सोडून येतं, त्यामुळं चेकसम (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, नीट पोचला का ते तपासायची बेरीज) कायम आस्कीच्या किमतींवरच काढ. हे चुकलं की समोरचा नॅकवर नॅक (पॅकेट चुकलं, परत पाठव असं उत्तर) मारत बसतो आणि आपण उगाच केबल बदलत बसतो. मजकुराची फाईल रेकॉर्डवाली (ओळी वेगवेगळ्या नोंदी म्हणून ठेवणारी) असेल तर प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी सीआर-एलएफ, म्हणजे ओळ संपल्याची खूण, तूच घालायची. लाईनचा इको, म्हणजे आलेलं अक्षर तसंच परत पाठवणं, बंद ठेव. आधी फक्त पाठवणारा छोटा प्रोग्राम लिही, टाईप १ (एका अक्षराचा, सगळ्यात साधा) चेकसम पुरे, आणि प्रत्येक पॅकेट लॉगमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या आधारानं लिहिलेल्या आकड्यांत) छाप. अडलास तर तो लॉग घेऊन ये, सांगलीत बसून बघू.